बादशाहची शिकवणी

"चावू द्या त्याले. पिल्लू हाय, आता नाई चावंल तं कवा चावंल?" द्वारकाबाई म्हणाल्या आणि चहाचा कप त्यांनी खाली ठेवला.

डोमाजीने उजवा हात पुढे केला. तीन महिन्यांच्या बादशाहने तो चटकन तोंडात धरला आणि मुंडी हलवून हलवून ओढायला लागला. डोमाजीच्या बोटांवर आधीचेच पाच-सहा ओरखडे होते, तरी तो हसला. आलेल्या माणसासमोर मर्दुमकी दाखवायची त्याची सवय निवृत्त होऊनही गेली नव्हती.

"अन लईच जोरात चावला तं?"

"हात झटक्यानं वढून घ्याचा. नाकावर एक थापड ठेवून द्याची. पुन्हा चावला, पुन्हा द्याची."

"अन चपला? घरात एक चप्पल साबूत ठेवली नाई यानं. सोफ्याचा पाय खाल्ला."

"एक जुनी चप्पल देऊन टाका. तिच्यातच गुंतून राह्यते."

द्वारकाबाई बोलत होत्या त्यातला शब्द न् शब्द खोटा होता. जनावरांच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं अटेंडर म्हणून काढल्यावर ही गोष्ट त्यांच्याइतकी आदिलाबादमध्ये कुणालाच ठाऊक नव्हती. हात झटकला की पिल्लाला वाटतं खेळ सुरू झाला, ते आणखी जोराने धरतं. नाकावर मारलं की आज घाबरतं आणि उद्या हात दिसला की आधीच दात काढतं. आणि चप्पल जुनी की नवी हे कुत्र्याला कुठून कळणार? एक दिली की सगळ्या त्याच्या. दवाखान्यात डॉक्टर आले नि गेले, पण गल्लीतलं कुणीही पिल्लू घेऊन आलं की सरळ द्वारकाबाईंकडे यायचं. गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या तरी लोक फोन करत. डोमाजीनेही तसाच केला होता.

"आमच्या गावाकडं भाकरीत हिरवी मिरची चारतेत," डोमाजी म्हणाला. "कुत्रं कडक निंगते म्हणे. चारू का?"

"मिरची नको." हे मात्र त्यांच्या तोंडून फार लवकर निघालं.

"काऊन?"

"पोट बिघडते लेकराचं."

कुत्र्याचं वळण बिघडवायचं होतं, पोट नाही. एवढा फरक आपण केला याचं घरी जाताना त्यांना थोडं समाधानही वाटलं. माणूस सूड घ्यायला निघाला की स्वतःच्या चांगुलपणाचे असे बारके पुरावे गोळा करतच असतो.

सूड सोळा वर्षं जुना होता. तेव्हा डोमाजी दवाखान्याच्या कचेरीत सुपरिंटेंडेंट होता आणि त्याच्या आवाजाने शेळ्यासुद्धा गप्प बसत. एक दिवस निगराणीखाली ठेवलेलं कुत्रं ओळखीच्या माणसाला दाखवायला तो स्वतः पिंजऱ्याकडे गेला, आणि गप्पांच्या नादात कडी लावायची विसरला. अर्ध्या तासात ते कुत्रं बाहेर आलं आणि आईबरोबर शेळी घेऊन आलेल्या एका लहान मुलीची मांडी त्याने फोडली. मुलगी वाचली. पण वरून चौकशी लागली. दुसऱ्या दिवशी डोमाजीने द्वारकाबाईंपुढे एक कागद ठेवला. कागद तेलुगूत होता. द्वारकाबाई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. तेलुगू बोलत झकास, वाचायला मात्र एक अक्षर येत नव्हतं.

"काय लिवलं हाय, सायेब?"

"हजेरीचं हाय. दस्तखत कर."

त्यांनी मराठीत सुबक सही केली. आपली सही चांगली आहे याचा त्यांना अभिमानच होता. महिन्याभराने तबादल्याचा हुकूम आला, सोबत त्या कागदाची नक्कल. शेजारच्या नागसेन गुरुजींनी ती ओट्यावर उभं राहून वाचून दाखवली. पिंजऱ्याची कडी लावायला मी विसरले, असं द्वारकाबाईंचं बयान होतं, आणि खाली त्यांचीच सही.

तबादला इंद्रवेल्लीच्याही पुढे, जंगलपट्ट्यात. दोन बसगाड्या जायला, दोन यायला. नवरा मोतीराम जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाऊन खाऊन छातीने खंगलेला, खाटेवर. पहाटे त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून त्या निघत. तिसऱ्या वर्षी एका मंगळवारी दुपारी तो गेला. मुलगी दीक्षा शाळेत होती. तांब्या खाटेखाली कलंडलेला मिळाला; तो त्याने पाणी पिऊन ठेवताना कलंडला की घेता घेता, हे कुणालाच सांगता आलं नाही. त्या वेळी द्वारकाबाई एका बैलाची वेसण धरून उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्या डोमाजीचा द्वेष करत आल्या. उघड काही बोलल्या नाहीत, बोलून काय होणार होतं. पण बुद्धवंदनेला बसल्यावर सगळ्या प्राणिमात्रांचं भलं होवो म्हणताना त्या एका माणसाला मनातल्या मनात वगळत असत.

आणि त्या माणसाने फोन करून विचारलं होतं, "मी डोमाजी बोलून राह्यलो, वळखलं का? तुमी कुत्र्याचं लई चांगलं समजता म्हणतेत." त्याला त्या कागदाची आठवणही नव्हती. त्या रागाला तर नावच नव्हतं.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा गेल्या. मुद्दाम गेल्या. डोमाजीचे नवे बूट फाटले होते, टीव्हीची वायर कुरतडलेली होती. जुनी चप्पल अंगणात तशीच पडली होती, तिच्याकडे बादशाह ढुंकूनही पाहत नव्हता. डोमाजीची बायको बयनाबाई म्हणाली, "बाई, हे त्याले मारतेत तं तो अजूनच अंगावर येते."

"येईन थोडे दिस. आखूड साखळीनं बांधून ठेवा," द्वारकाबाई म्हणाल्या. दिवसभर बांधलेलं पिल्लू संध्याकाळी सुटलं की कसं पिसाळल्यागत अंगावर येतं, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं.

आणखी दहा दिवसांनी बातमी आली, की डोमाजीच्या उजव्या तळहाताला चार टाके पडले. त्या दिवशी द्वारकाबाईंनी शिरा केला. बेदाणे घालून, तूप हात न आखडता. दीक्षा शाळेतून आली, ती गावाबाहेरच्या मराठी शाळेत मास्तरीण. "आज काय विशेष?" तिने विचारलं.

"काई नाई. वाटलं म्हणून केला."

शिरा फार छान झाला होता. सोळा वर्षांत इतकी गाढ झोप त्यांना लागली नव्हती.

आणि चारच दिवसांनी सकाळी बयनाबाईचा फोन आला. रडण्यात शब्द कळत नव्हते. बादशाह नेहाला चावला होता. नेहा म्हणजे डोमाजीची नात, सहा वर्षांची.

"कुटं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"गालावर. डोळ्याच्या खाली."

"साबणानं धुतलं का? नळाखाली, पंधरा मिनिटं? सुई दिली का?"

"दवाखान्यातून आत्ताच आलो."

फोन ठेवल्यावर द्वारकाबाई तिथेच भिंतीला टेकून बसल्या. नेहाचा त्यांनी विचारच केला नव्हता. घरात लहान मूल आहे हे दिसत होतं, दोनदा त्यांच्या मांडीवर येऊन बसलं होतं, तरी केला नव्हता. सोळा वर्षं ज्या बयानाला त्या खोटं म्हणत आल्या, ते आज त्यांनी स्वतःच्या हाताने खरं केलं होतं. कडी या खेपेला त्यांनीच उघडी ठेवली होती. मग त्या उठल्या, पायात चपला सरकवल्या आणि ऑटोने निघाल्या.

अंगणात बादशाह एका पोत्यात होता. पोत्याचं तोंड सुतळीने बांधलेलं, आतून बारीक आवाज येत होता. डोमाजी हाताला पट्टी बांधून उभा होता.

"नदीपल्याड सोडून येतो याले," तो म्हणाला. "अन हे सगळं हिच्यापायी झालं. हिनं साखळी सोडली. मी सांगून राह्यलो व्हतो सोडू नको म्हणून. सूनबाईले बी मी तेच सांगतलं, का तुह्या सासूनं सोडली."

बयनाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला गप्प राहायची चांगलीच सवय दिसत होती. द्वारकाबाईंनी तिचा चेहरा पाहिला. तो चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. चाळिशीत असताना तो आरशात रोज दिसायचा.

"बयनाबाईची चूक नाई," त्या म्हणाल्या. "माही हाय."

"तुमची काऊन?" डोमाजीने विचारलं.

"मी तुमाले उलटं शिकवलं. हात वढा, थापड मारा, बांधून ठेवा, जुनी चप्पल द्या. यातलं एक बी मी आजवर कोणाले सांगतलं नाई. तुमाले सांगतलं, जाणूनबुजून. हे कुत्रं तुमाले चावाव म्हणून."

आतून नेहाचं मुसमुसणं ऐकू आलं.

"काऊन पण?" बयनाबाईने विचारलं.

मग द्वारकाबाईंनी सांगितलं. पिंजरा, कडी, ती शेळीवालीची मुलगी, तेलुगूतला कागद, दोन बसगाड्या, मोतीराम, तांब्या. आवाज चढवला नाही. कचेरीत हजेरी सांगावी तितक्या सरळ आवाजात सांगितलं. फक्त तांब्यापाशी त्या एकदा थांबल्या.

"खरं हाय का?" बयनाबाईने नवऱ्याला विचारलं.

"लई जुनी गोष्ट हाय ते." डोमाजी दुसरीकडे पाहून म्हणाला. मग एकदम त्याच्या आवाजात जुना सुपरिंटेंडेंट आला. "अन या बाईनं आत्ता आपल्या पोरीचं तोंड फोडवलं, ते आयकलं का तुनं? पोलिसात देतो मी इले."

"द्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी केलं ते मी केलं म्हणंन. मराठीत लिवा, वाचून दस्तखत करतो. दुसऱ्या कोनाच्या नावावर टाकाची मले गरज नाई."

डोमाजीचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्याला एवढं गप्प झालेलं द्वारकाबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. शिऱ्यापेक्षा हे गोड होतं, पण आत मुलगी रडत होती, त्यामुळे ते गिळवेना.

बयनाबाई पायऱ्या उतरून खाली आली. तिने पोत्याची सुतळी सोडली. बादशाह बाहेर आला आणि भिंतीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला. "हा सुधरन का?" तिने विचारलं.

"सुधरन. एकूनतीस दिसाचा असताना मायपासून तोडून आनला तुमी. मायपाशी भावंडं चावतेत, चावता चावता किती चावाव ते शिकतेत. याले शिकवाले कोनी भेटलंच नाई, अन मी भेटली ते अशी. महिनाभर रोज येतो मी. पन घरातल्या सगळ्याइनं एकसारखं वागलं पायजे."

"या," बयनाबाई म्हणाली. "ह्याइचं काय ते मी पाहून घेतो." डोमाजीच्या घरात असं वाक्य याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं. द्वारकाबाई आत जाऊन नेहासमोर बसल्या आणि त्यांनी तिची माफी मागितली. सहा वर्षांच्या पोरीला ही आजी माफी का मागते ते कळलं नाही, तिने गालावरच्या पट्टीवर ठेवलेला हात मात्र काढला नाही.

पहिले आठ दिवस द्वारकाबाईंनी नेहाला बादशाहजवळ येऊच दिलं नाही. फडक्याला गाठ मारायची, पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि गार झालं की त्याला चघळायला द्यायचं; दात येताना हिरड्या ठणकतात, त्याला बरं वाटायचं. चपला सगळ्या फळीवर गेल्या. दुपारी त्याला सावलीत निजू दिलं, कारण झोप न झालेलं पिल्लू पोरांसारखंच किरकिरं होतं. नवव्या दिवशी नेहा भीत भीत अंगणात आली. गालावरची पट्टी आता लहान झाली होती. डोमाजी ओसरीवर खुर्चीत पेपर घेऊन बसला होता. तो रोज बसायचा आणि रोज एकच पान समोर असायचं.

"आता पाहा," द्वारकाबाई नेहाला म्हणाल्या. "तू तिकडं पायरीवरूनच पाहा." त्यांनी बादशाहपुढे हात धरला. त्याने चाटला, मग हळूच दातात धरला, मग जोर केला.

"आई गं," त्या म्हणाल्या आणि हात सैल सोडला. "वढाचा नाई. मंग उठाचं, अन त्याच्याकडं पाठ कराची. बोलाचं नाई, पाहाचं नाई. चावलं का खेळ बंद, एवढंच त्याले कळलं पायजे."

त्या उठल्या आणि बादशाहकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्यामुळे त्यांचं तोंड ओसरीकडे झालं. डोमाजीने पेपर खाली ठेवला.

"द्वारकाबाई," तो म्हणाला. "तवा माह्या पोरीचं लग्न ठरलं व्हतं. नोकरी गेली असती तं सोयरीक मोडली असती. तुमी समजून घ्या. झाली असंन माह्याकून बी चूक."

त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. झाली असंन. सोळा वर्षांनी, पट्टी बांधलेल्या हाताने, पेपराच्या आडून, एवढंच.

मागे बादशाहने एकदा भुंकून पाहिलं, दोनदा त्यांच्या साडीशी घोटाळला, आणि मग खाली बसला.

"आजी, तो थंडा झाला," नेहा म्हणाली.

"मंग आता वळाचं. राग धराचा नाई. लेकरू हाय तो."

द्वारकाबाई वळल्या, खाली बसल्या आणि गार फडकं बादशाहच्या पुढ्यात धरलं. ओसरी आता त्यांच्या पाठीशी होती.

"द्वारकाबाई, मी बोलून राह्यलो," डोमाजी मागून म्हणाला.

"आजी, आबा बोलून राह्यले."

"आयकू येते मले," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि बादशाहच्या कानामागे खाजवत तशाच बसून राहिल्या.