राजमती क्लासेस मर्यादित

राजमती जाऊन चार महिने झाले होते, आणि आता तिच्या नावाची कंपनी निघणार होती.

सांगलीत रामगोंडा मास्तरांच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत तिचा क्लास चालायचा. मास्तर हायस्कुलातून इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. गणित त्यांच्या बायकोचं, राजमतीचं. १९७४ साल होतं. पुढच्या मार्चमध्ये दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा व्हायची होती. पुस्तकात संच, उपसंच असलं काय काय आलं होतं आणि आईबापांचं धाबं दणाणलं होतं. राजमती ताटल्यांत शेंगदाणे आणि हरभरे ओतून संच शिकवायची. पोरांना कळायचं, आणि तास संपला की खायलाही मिळायचं.

ती गेली तसे मास्तर खालच्या खोल्यांत उतरेनासे झाले. तिचा धाकटा भाऊ जयपाल हळदीचा व्यापारी. त्यानं गणिताला एक तरुण मास्तर आणून क्लास चालू ठेवला. मग म्हणाला, "दाजी, मिरजेला, फलटणला शाखा काढू. पण कंपनी करून. उद्या धंदा बसला तर कंपनीत घातलंय तेवढंच जातंय, घरादाराला धक्का न्हाई. आपली जबाबदारी मर्यादित."

ते शब्द ऐकून मास्तरांना बरं वाटलं होतं. वाटेत कुणीही आईबाप भेटले की विचारायचे, आता आमच्या पोराचं कसं? मास्तरांना स्वतःचंच कसं ते कळत नव्हतं. जबाबदारीला कुठंतरी हद्द असते आणि ती कागदावर लिहून मिळते, हे त्यांना हवंच होतं. त्यांनी हो म्हटलं.

रविवारी सकाळी आप्पासो वकील कागद घेऊन आले, आणि सहीपुरते मास्तर खाली क्लासच्या खोलीत उतरले. जयपालनं सही केली आणि पेन मास्तरांपुढं धरलं. तेवढ्यात दारात कवलापूरची साळूबाई उभी राहिली. तिचा नवरा पलटणीत. थोरली लेक राजमतीकडं शिकून पास झाली होती. आता धाकट्या राहीला हाताला धरून आणली होती.

"बाईंचं कळलं. लय वाईट झालं," ती म्हणाली. मग पोरीला पुढं करून म्हणाली, "थोरलीला बाईंच्या पदरात घातली हुती. आता हिला कुणाच्या पदरात घालू मास्तर?"

बायका असं म्हणाल्या की राजमती खरंच पदर पुढं करायची. "घाला," म्हणायची आणि हसायची. पण त्यानंतर ती पोरगी तिचीच. संध्याकाळी क्लास सुटला की गावाकडच्या पोरींना ती स्वतः स्टँडवर नेऊन गाडीत बसवायची आणि गाडी हलेपर्यंत उभी राहायची.

मास्तरांनी जयपालच्या हातातलं पेन घेतलं. जयपाल हसून म्हणाला, "आता कंपनी हाय मावशी. कंपनीच्या पदरात घाला."

"कंपनी म्हंजी कोण?"

"राजमती क्लासेस प्रायव्हेट लिमिटेड."

"बाईंचं नाव कळलं. लिमिटेड काय?"

आप्पासोंनी कागदावरून मान वर न करताच सांगितलं, "मर्यादित. जबाबदारी मर्यादित."

साळूबाईनं जरा विचार केला. "म्हंजी नाव बाईंचं, आन जबाबदारी थोडीच?"

"तसं नव्हे हो!" आप्पासोंनी चष्मा काढला. "ती देण्याघेण्याची जबाबदारी. पोरीशी तिचा काय संबंध?"

"मग क्लास सुटल्यावर पोरीला स्टँडवर कोण सोडणार?"

"ते कंपनीत बसत न्हाई, मावशी," जयपाल म्हणाला. "क्लास सुटला, पोरगी सुटली."

"बघा. म्हंजी थोडीच की."

आप्पासो हसले. त्यांचं बरोबर होतं आणि साळूबाईचं चूक, हे मास्तरांना समजत होतं. तरी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"जयपाल, कंपनी काढ. पण तिचं नाव नको."

"नाव न्हाई तर पोरं कशाला येतील? लोक तिच्या नावावर येत्यात दाजी."

"म्हणूनच नको."

जयपालचा चेहरा लाल झाला. "माझी भण हुती ती. तुमच्या आदी माझी हुती. तिचं नाव ऱ्हावं म्हणून मी पळतोय, आन तुमी? चार महिने माडीवर बसून हाय. क्लास कुणी चालवला?"

खोटं काहीच नव्हतं त्यात.

"नाव नको," मास्तर पुन्हा एवढंच म्हणाले.

"बरं. दुसऱ्या नावानं काढतो. कंपनीला दुसरी सही लागती, ती गुणमालाची घेतो." गुणमाला त्याची बायको. "पण मग हितं न्हाई, मिरजेत. आन गणिताचा मास्तर माझ्यासंगं येणार." त्यानं कागद गोळा केले. जिन्याखाली राजमतीच्या फोटोपुढं क्षणभर थांबला, हात जोडले आणि वकिलांना घेऊन निघून गेला.

साळूबाई ओशाळली. "माज्यामुळं झालं व्हय?"

"नाही बाई."

"मग हिला ठिवू न्हवं? गणित कोण शिकवणार?"

मास्तरांनी तेवढा विचार केलाच नव्हता. बाकावरचं गणिताचं पुस्तक त्यांनी उघडलं. दोन वर्तुळं एकमेकांत शिरलेली होती, खाली कसलीशी चिन्हं. पोरगी त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"इंग्रजी मी शिकवीन," ते म्हणाले. "स्टँडवर रोज सोडीन, गाडी हलेपर्यंत थांबीन. गणिताचं... गणिताचं मला सांगता यायचं नाही."

साळूबाईला हसू फुटलं. "आवं, म्हंजी तुमीबी लिमिटेडच की मास्तर!"

तेही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून ते नीट जमलं नाही.

पण साळूबाईनं पोरीचा हात सोडला नव्हता. थोड्या वेळानं खाली बघत तिनं विचारलं, "मिरजेची गाडी कुठनं सुटती वो?"

त्यांनी पायात चपला घातल्या. "चला, दाखवतो," म्हणाले, आणि दोघींच्या पुढं चालू लागले.