तिसरी माफी

सायमन घोसाळकर सरांचा देवावर काडीचाही विश्वास नव्हता. बेने इस्रायली ज्यू घरात जन्मूनही जळगावच्या आपल्या घरी ते ना प्रार्थना म्हणत, ना किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास धरत. पण किप्पूरच्या आधी, ज्याला दुखावलं त्याच्या दारात जाऊन माफी मागायची, ही वाडवडिलांची रीत त्यांनी सोडली नव्हती. म्हणून सलग तिसऱ्या वर्षी ते एसटीने धुळ्याला आले आणि फैसलच्या गॅरेजसमोर उभे राहिले.

मुख्याध्यापक असताना त्यांनी फैसलला दहावीच्या ऐन तोंडावर चोर ठरवून शाळेतून काढलं होतं. चोर निघाला भलताच, संस्थाचालकाचा भाचा. तोवर फैसलची शाळा सुटली ती सुटलीच.

"फैसल, माझं चुकलं. माफ कर."

फैसलने हातातला पाना फरशीवर आपटला.

"अल्लाकडे मागा माफी."

"त्याचं मी काही बिघडवलेलं नाही. तुझं बिघडवलंय."

फैसल उठून अगदी अंगावर आला. "तुमच्यात तीनदा मागितली की माणूस सुटतो ना? गेल्या साली तुम्हीच सांगितलं होतं. झाली तिसरी! सुटलात तुम्ही. आता परत तोंड दाखवू नका."

सर जागचे हलले नाहीत.

"देव मानणारे सुटतात रे. मला सोडणारा तुझ्याशिवाय आहे कोण? पुढच्या वर्षी येतो."