भागूबाईंची कडी

सकाळी पावणेसातला किशनरावांचा मोबाईल ओरडू लागला. न्हाणीत कुणीतरी पडल्याचा इशारा होता.

ते चहाचा कप तसाच टाकून धावले. दार ढकललं तर त्यांची बायको भागूबाई बुटक्या निळ्या स्टुलावर बसलेल्या, डोक्याला साबण, हातात तांब्या.

"पडले नाही, बसले!" त्या गरजल्या. "दार लावा आधी. बसून आंघोळ केली तर ही मशीन मला पडली म्हणती?"

मुलगा आदर्श मागून आलाच. "बस झालं, बाबा. पहिल्याच दिवशी ही तऱ्हा. उद्यापासून गीता उभी राहील दाराशी, होती तशी."

भागूबाईंनी पाठ फिरवली आणि अंगावर पाणी ओतलं.

मागल्या वर्षी त्या खरंच पडल्या होत्या, याच न्हाणीत. आतून कडी होती. शेजाऱ्यांनी दार तोडेपर्यंत त्या ओल्या फरशीवर पडून होत्या. खुबा बसवला, चालायला लागल्या, पण नव्या दाराला कडी बसवलीच नाही. सून गीता दार अर्धवट उघडं ठेवून पाठमोरी उभी राहायची. त्या बाईनं एका शब्दानं कधी दुखावलं नाही. पण भागूबाईंनी वर्षभरात घराकडे एवढंच मागितलं होतं, न्हाणीची कडी.

किशनराव रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झाले. रेल्वेच्या संघात कबड्डी खेळले. आता ते कुकटपल्लीतल्या एका छोट्या कंपनीत पडायला जात. कंपनी न्हाणीत लावायचं रडार बनवी. तळहाताएवढी डबी, तिच्यातून काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निघतात, अंगावर आपटून परत येतात, आणि माणूस उभा आहे की जमिनीवर, हलतो आहे की नाही, हे डबीला कळतं. अंधार चालतो, वाफ चालते. चित्र निघत नाही, पडद्यावर फक्त ठिपके आणि श्वासाची एक रेघ. पडणं म्हणजे काय हे त्या डबीला शिकवायचं, तर कुणीतरी पडून दाखवायला हवं. किशनराव गादीवर पडत, उताणे, पालथे, कुशीवर.

"तुम्ही पडलाव की टाळ्या," भागूबाई म्हणत, "मी पडले की दवाखाना."

घरासाठी एक डबी त्यांनी शब्द टाकून आणली होती. दाराला कडीही बसवून घेतली. आदर्शची अट एकच होती. आठवडाभर डबी चुकली नाही, तरच ती कडी लावायची.

त्या सकाळी किशनराव निळं स्टूल पिशवीत घालून मेट्रोत चढले. स्टुलाचे पाय पिशवीबाहेर आलेले. समोरचा एकजण म्हणाला, "सीट नै मिलती बोलके घर से लेके आए क्या चचा?"

"हौ," किशनराव म्हणाले. "तुमको होना क्या?" त्यांनी पिशवी त्याच्यापुढं केली.

कंपनीतली प्रणिता स्टूल बघून हसली, मग हसायची थांबली. नमुन्याची न्हाणी तिनंच बांधून घेतली होती. तिच्यात शॉवर होता, बादली नव्हती.

"अंकल, माझी अम्मम्मा, आईची आई, पण बसूनच नहाती. मला सुचलंच नाही."

"तुझं सोड. मी साठ वर्षं बसून आंघोळ केली अन् इथं सगळा वेळ उभ्यानं पडलो."

दिवसभर ते बसले, वाकले, पाणी ओतलं, पाय चोळले, उठले. डबी हळूहळू शिकली. राहिलं ते स्टुलावरून पडणं. किशनराव पडले.

"हे फॉल नाय अंकल, ही तर डाईव्ह झाली."

पुन्हा पडले. अंग आपोआप सावरत होतं, हात आधी जमिनीला लागत होता. इतकी वर्षं मैदानावर हेच शिकलेलं अंग. म्हाताऱ्या बाईसारखं पडणं त्यांना जमेना.

घरी आल्यावर ते भागूबाईंच्या खाटेवर बसले.

"तू कशी पडली होतीस?"

वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी कुठं लागलं ते विचारलं, आदर्शनं कडी का लावली ते विचारलं.

"पडले कुठं," त्या सावकाश म्हणाल्या. "उठायला गेले. नळ धरला. गुडघ्यात जीवच नव्हता. मग भिंतीला धरून घसरत गेले... हळू. वाटलं, बसतेच आहे मी. खाली गेल्यावर कळलं, बसले नाही."

"हाक मारलीस?"

"अंगावर कापड नव्हतं. आधी लुगडं ओढायला बघत होते."



दुसऱ्या दिवशी त्यांनी नळ धरला आणि गुडघे सोडून दिले. पाठ भिंतीला घासत ते इतके सावकाश खाली गेले की प्रणिता खुर्चीतून उठली. पडद्यावरचे ठिपके एकेक करून जमिनीशी गेले. ते तसेच आणखी पुष्कळदा घसरले. संध्याकाळी पाठीला सालटं निघालेली.

"या फॉलला नाव काय देऊ?" प्रणितानं विचारलं. "प्रत्येक डबीत जाईल हा."

"भागूबाई लिही."

घरी भागूबाईंनी ते दोनदा वदवून घेतलं.

"म्हणजे माझं पडणं लोकांच्या न्हाणीत?"

"हौ."

"अन् मी दिसन का?"

"नाही. ठिपके नुसते."

"मग चालतंय." त्यांनी पदर सारखा केला. गीताला हाक मारून तिलाही सांगितलं, आणि शेजारणीला सांगायचं राहू नये म्हणून तिला लगेच पाठवलं.

नवा प्रोग्राम घातलेली डबी परत लागली. आठवडा गेला, मोबाईल गप्प राहिला. अट आदर्शची होती, त्यानं ती पाळली. फक्त म्हणाला, "मी बाहेर उभा राहणार."

"राहा," भागूबाई म्हणाल्या. "दाराकडं बघू नको."

पौर्णिमेच्या सकाळी विहारात जायचं होतं. खांद्यावर पांढरं लुगडं टाकून त्या काठीनं न्हाणीत गेल्या. दार लागलं. कडी सरकली. तो आवाज घरात सगळ्यांनी ऐकला.

पाणी पडू लागलं. मग थांबलं.

"आवाज देऊ का?" आदर्शनं विचारलं.

"नको," किशनराव म्हणाले.

"बाबा, पाणी थांबलं."

किशनरावांनी मोबाईल त्याच्यासमोर धरला. ठिपके जमिनीजवळ होते, जवळजवळ स्थिर. श्वासाची रेघ वर-खाली होत होती. गीता ओट्याशी हात पुसत उभी राहिली.

अलार्म वाजलेला नव्हता; डबी म्हणत होती, त्या बसल्या आहेत. कडी आतून होती.