कोपऱ्यातली करकर

मित्रांनो, माझ्या अंगावरचे ओरखडे पाहून मला अडगळ समजू नका. मी एक जुना ड्रम आहे, वादकाच्या दोन गुडघ्यांमध्ये बसणारा. माझ्या पोटाखाली बारीक तारांची पट्टी ताणलेली असते. वर काठी पडली की खाली तारा थरथरतात आणि माझा तो कडक, करकरीत आवाज निघतो.

लाकडाचे पातळ थर वाकवून मला गोल केले. ज्यांनी मला घेतले त्यांना तेव्हा नुकते मिसरूड फुटले होते. पुढे दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवणे हाच त्यांचा पेशा झाला. सकाळी रॉक, संध्याकाळी जॅझ. सकाळी ते मला काठ्यांनी बडवत, संध्याकाळी तारांच्या कुंच्यांनी कुरवाळत. गाणे कोणतेही असो, ताल तसूभर हलत नसे, म्हणून सगळे त्यांना घड्याळराव म्हणत. कौतुक त्यांचे होई, पण हात माझ्यावर पडे. मला तेवढे पुरे होते.

मग त्यांच्या पत्नीने वाढदिवसाला पितळी ड्रम आणला. सडपातळ, चकचकीत. त्याला मऊ पिशवी, मला जुनी चादर. लोक म्हणत, "काय गोड वाजतो हो हा!" आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई.

एके दिवशी मलाही स्टुडिओत नेले. वाटले, आली वाटते आठवण! तर गिटारवाला म्हणाला, "हाच ना तो? माझ्या भाच्याला पुष्कळ झाला. निघताना नेतो." घड्याळरावांनी होकाराची मान डोलावली आणि मला कोपऱ्यात ठेवले. तारा सैल करायचे मात्र विसरले.

हळुवार जॅझ सुरू झाले. पितळ्या वाजू लागताच माझ्या तारा आपोआप करकरू लागल्या.

"थांबा, थांबा! ही करकर कुठून येतेय?" काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणाऱ्या ताई ओरडल्या.

खुर्ची तपासली, दिवा तपासला. गिटारवाल्याला घड्याळ, किल्ल्या, पट्टा काढायला लावला.

"आता दातही काढून ठेवू का?" तो वैतागला.

शेवटी गिटारवाल्याला पितळ्यावर ठोके द्यायला सांगून घड्याळराव माझ्यापाशी आले. त्यांनी तळवा टेकवला आणि मी गप्प झालो. किती दिवसांनी तो हात!

"हा म्हातारा होय! जळतोय तुमच्या नव्यावर," गिटारवाला हसला.

खोटे नव्हते ते. पण ताई बाहेर येऊन म्हणाल्या, "जळण्याचं काही नाही हो. सूर जुळला की शेजारचा ड्रम असा बोलतो. नवा तुम्ही नेमका याच्या सुरात लावलाय."

घड्याळरावांनी बोटाने मला वाजवले, मग त्याला, पुन्हा मला.

"अरेच्चा! वाजवतोय नवा, पण कानात हाच बसलाय की!"

त्यांनी चावीने पितळ्याचे स्क्रू आवळून त्याचा सूर थोडा चढवला. "या म्हाताऱ्याचा सूर याच्याकडेच राहू दे," ते म्हणाले आणि माझ्या तारा सैल केल्या. मग गिटारवाल्याकडे वळले. "भाच्याला दुसरा बघू या, बाबा."

"आणि त्याला काय सांगू? मामा थापाड्या आहे?"

"ते त्याला माहीत असेलच!"

मी घरी परतलो. मित्रांनो, पितळ्याचा मला आजही हेवा वाटतो, खोटे कशाला बोलू? पण जुने वाद्य कुणाला देऊन टाकण्याआधी एकदा ते नव्याशेजारी वाजवून पाहा. नव्यात जो आवाज तुम्हाला आवडतो, तो ऐकायला तुम्हाला कुणी शिकवले, ते कळेल.