कामणच्या गोदामातला माझा चमत्कार

कामण गावातल्या एका गोदामात रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पार अर्नाळ्यापासून माणसं आली होती. पांढऱ्या सुटातले स्पर्शगुरू एकेका चाकाच्या खुर्चीसमोर जायचे, कपाळावर बोट टेकवून ‘ऊठ’ म्हणायचे आणि खुर्चीतला माणूस उठून चालायला लागायचा. लोक रडत होते.

मी तिथं तपासनीस म्हणून गेलो होतो, हे सांगताना आज माझंच मला हसू येतं. दुसऱ्या महायुद्धात रात्री लढणाऱ्या जर्मन वैमानिकांनी ‘मी अमुक विमान पाडलं’ असे जे दावे केले, ते घरबसल्या तपासणं हा माझा छंद. अंधारात वैमानिकाला जाळ दिसतो आणि तो मनापासून सांगतो, पाडलं. आपण त्याच्या शब्दावर जायचं नाही. त्या रात्री इंग्रजांचं कोणतं विमान परतलं नाही, ते बघायचं. हे ऐकून घरच्यांचे कान किटले आहेत. म्हणूनच माझी मोठी बहीण रोझलिन म्हणाली, "ॲन्सेल्म, एवढं तपासतोस तर हा गुरूही तपास. खरा निघाला तर मी इन्सुलिन सोडणार." रोजच्या सुयांना ती कंटाळली होती. मला तिच्या जिवाची धास्ती होती आणि स्वतःच्या हुशारीची घमेंड.

दारातच एका स्वयंसेवकाने मला दुखऱ्या गुडघ्यामुळे जरासं लंगडताना पाहिलं. अंकल, उभे कशाला राहता, बसा, मी पुढं नेतो, असं म्हणत त्याने खुर्ची आणली. फुकटची पुढची जागा कोण सोडतो? तपासनीस ऐटीत बसला. रोझलिन मागे राहिली.

गुरू माझ्यासमोर आले. "नसांनो, जाग्या व्हा. गुडघ्या, तुला हुकूम आहे." माझ्या गुडघ्याशी आजवर इतक्या थाटात कोणी बोललं नव्हतं. कपाळाला बोट लागलं, बँड वाजला, मी उठलो आणि चाललो. टाळ्यांचा कडकडाट झाला. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. गुडघा दुखतच नव्हता. तसाच रोझलिनकडे गेलो आणि म्हणालो, "बाय, खरंय हे."

ती म्हणाली, "तूच सांगतोस ना, समोरच्याकडचं विमान खरंच कमी झालं का ते बघायचं? मग आपल्या घरात कमी व्हायला पांगळा होता कोण?"

कोणीच नव्हता. बसमधून उतरून मी तिच्याही पुढे चालत आलो होतो. मग आम्ही बरे झालेल्या इतरांना विचारत सुटलो. सगळे आपल्या पायांनी आलेले, सगळ्यांना खुर्ची दारात मिळालेली. चालणाऱ्याला बसवायचं आणि मग उठवायचं, एवढाच तो चमत्कार. बँडच्या आणि टाळ्यांच्या भरात दुखणं घटकाभर विसरायला होतं. माझं तर फाटकाशी पोचेपर्यंतच परत आलं.

घरून स्वतःच्या खुर्चीत आलेली एकच मुलगी होती, अर्नाळ्याची रिटा. ती मागच्या भिंतीजवळ होती. दर रविवारी येतो, असं तिची आई म्हणाली. "हिची खुर्ची पुढं नेतच नाय कोन. म्हनतात, पोरीचा विश्वास कमी पडतो."

रिटाने मान खाली घातली. मला माझ्या टाळ्यांची लाज वाटली. रोझलिन तिच्या शेजारी बसली आणि जेवणाची वेळ झाली म्हणून तिने पर्समधून इन्सुलिन काढलं.

ज्याच्यावर चमत्कार झाला त्याला विचारून खरं कळत नाही. मीही अगदी मनापासून खोटी साक्ष दिली होती. म्हणून उठलेल्यांसाठी टाळ्या वाजवण्याआधी, मागे भिंतीजवळ कोण बसून राहिलं आहे ते जाऊन बघा.