हिनाच्या सर्व्हरचं आवतण

हे कुणीही खरं मानणार नाही, पैज लावा. घिवलीत मी आजवर जे जे खोटं सांगितलं ते लोकांनी डोळे मिटून खरं मानलं, आणि हे एकच खरं, तर यालाच हसणार.

ऐकायला दोघंच होती. जमनाबाय वलांडीच्या बांबूंवर बोंबील सुकत घालत होती, आणि आमच्या मागच्या खोलीतला भाडेकरू रामकिसन, मूळचा परभणीचा, बोईसरच्या कारखान्यातली पाळी संपवून चहा घेत बसला होता.

"गेल्या शनिवारी काय झालं ठाऊक आहे?" मी सुरुवात केली. "आमच्या भावाची मुलगी हिना बोईसरला एका छोट्या कंपनीत आहे ना, तिनं सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम बनवलीय."

"आमाला समजंल असं बोल," जमनाबाय म्हणाली.

"सर्व्हर म्हणजे पंगतीत वाढणारा. बाकीचे कॉम्प्युटर पान मांडून बसलेले, हा एकटा सगळ्यांना वाढतो. आणि ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे त्याच्या डोक्यावरचा तांडेल, होडीचा कप्तान असतो ना तसा. कुणाला आधी वाढ, कुणाला मागून, हे तो ओरडून सांगतो. हिनाचा तांडेल अजून कच्चा आहे. कच्च्याला ते लोक बीटा म्हणतात. लोकांनी आधी वापरून बघायचं, कुठं गळतंय ते सांगायचं, मग तो विकायला काढायचा."

"होडी पाण्यात घालायच्या आधी बघतात तसं," जमनाबाय म्हणाली.

"अगदी तसं. पण मालक दर्पणसाहेब पोरीला म्हणाला, शनिवारी पन्नास माणसं बघायला आली तर ठीक, नाहीतर ही सिस्टिम बंद, आणि तू परत फोन उचलायला बस. दोन वर्षं घातलीत गं पोरीनं त्यात. तिनं इंटरनेटवर आवाहन टाकलं: आमचा बीटा वापरून पाहा, दोष कळवा. कोण येतंय? मी म्हटलं, पोरी, मोबाईलवर बोलावलं तर सख्खा मामासुद्धा लग्नाला येत नाही. आवतण दारात जाऊन द्यावं लागतं. घेतल्या अक्षता आणि निघालो घरोघर. शनिवारी आमच्या सर्व्हरची परीक्षा, सहकुटुंब या. आहेर आणू नका, नुसती नावं ठेवायला या."

"जेवायला काय होतं?" रामकिसननं विचारलं.

"काही नाही. म्हणून तर नावं ठेवायला दुप्पट माणसं आली! माकुणसारचे टेम्पो भरून आले. मासवणवाल्यांना गाडी मिळाली नाही, ते सूर्या नदीतून पोहत खाली आले आणि ओल्या कपड्यांनी कंपनीत शिरले. वॉचमननं नाव विचारलं तर त्यालाच म्हणतात, तुझी टोपी वाकडी आहे. परीक्षा तिथंच सुरू."

रामकिसनचा चहा नाकात गेला.

"पुढं ऐक. होड्या बांधणारा भगवंत सुतार सर्व्हरच्या पेटीभोवती फिरला, बोटानं ठोकून बघितली आणि म्हणाला, आत पाणी भरा. नव्या होडीत पाणी भरल्याशिवाय ती कुठं गळते ते कसं कळणार? हिना किंचाळेपर्यंत त्यानं कळशी ओतलीसुद्धा."

"जळला असंल!"

"जळतो कशाला? तीन ठिकाणी टपटप गळायला लागला. हिनानं रडत रडत पडद्यावर बघितलं, तर बरोबर त्या तीन ठिकाणी तिच्या कामात चुका! एकीकडनं तर पासवर्ड न घालता कुणीही आत शिरत होतं. मग काय, वरून हिना टाईप करतेय, खालून भगवंत फटीत कापूस आणि राळ ठोकतोय. एक थेंब बाहेर येईना."

जमनाबायनं संशयानं माझ्याकडे बघितलं. म्हणून मी घाईनं तिला गोष्टीत घेतली.

"मग सर्व्हर पडद्यावर म्हणाला, प्रत्येकाला सामान ठेवायला जागा दहा जीबी. तेव्हा जमनाबाय, तू पुढं झालीस."

"मी?"

"मग कोण? पदर खोचलास आणि म्हणालीस, दहा? यात माझी टोपली पन मावत नाय. वर चार घाल!"

बोंबील तिच्या हातातच राहिला. "मंग? घातले?"

"घातले की! तू तोंड वाकडं करून चालायला लागलीस, तशी त्यानं मागून हाक मारली: बाय, वीस घ्या. पेटीत तेवढी जागा नव्हतीच. शेजारच्या कंपनीच्या सर्व्हरकडून उसनी आणली त्यानं."

"विसावर मी सोडला नसता," जमनाबाय म्हणाली.

"सोडला नाहीसच. पंचवीस घेतलेस, आणि एक जीबी सुनेसाठी वेगळा बांधून."

"मंग बराबर हाय."

"आन दर्पणसाहेब?" रामकिसन पुढं सरकला.

"तो आला, तर जिन्यात पाय ठेवायला जागा नाही. शंभर माणसांनी आधी त्याच्या शर्टाला नावं ठेवली, मग चपलेला. हात जोडले बिचाऱ्यानं. म्हणाला, हिना, सिस्टिम तुझी, खुर्ची तुझी, फक्त ही माणसं आवर. भगवंताला तर गळती खात्याचा साहेबच केला."

रामकिसन मांडीवर थापा मारत म्हणाला, "काका, मला बी बगायचाय तो सर्व्हर."

"मग सकाळी चल की माझ्याबरोबर. कारखान्यातले चार दोस्त घे, दहा घे. जमनाबाय, तूही चल, तुझा सत्कार करायचा म्हणतात. सुनेला घेऊन ये, शेजारणींना घेऊन ये..."

जमनाबायनं हातातला बोंबील माझ्या नाकासमोर धरला.

"कमलाकांता, खोटारड्या! ती परीक्षा उद्याचे शनवारी हाय! आताच दुपारला हिना माझे दारात रडकुंडीला येऊन गेली. बोलली, काकी, चला ना कुणीतरी, आतापर्यंत एकच नाव आलंय, आन् ते पन काकाचं!"