सेटची कार्डं

कोशाच्या कचेरीत त्यांना सगळे सेटकाका म्हणत. बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश तिथे तयार होत होता आणि त्यातल्या 'सेट' या एवढ्याशा शब्दाला काकांनी नऊ वर्षं वाहिली होती. तेवढ्या वेळात लोक घरं बांधतात. काकांनी एकशे चौऱ्याण्णव कार्डं भरली होती. चहाचा सेट, टेनिसचा सेट, सिमेंट सेट होणं, केस सेट करणं, पोरगा एकदाचा सेट होणं. प्रत्येक कार्डावर स्वतःच्या कानांनी ऐकलेलं एक वाक्य आणि बोलणाऱ्याची नोंद, असा कचेरीचा नियम. काका कचेरीतून थेट घरी जाणारे. त्यामुळे एकेचाळीस कार्डांवर नोंद एकच: 'पत्नी, स्वयंपाकघर.'

पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचं बोलणं उरलं होतं ते या कार्डांवरच.

सोमवारी संपादकबाई टेबलाशी आल्या.

"काका, आठ अर्थ ठेवा. बाकी रद्दीत."

"आणि वाक्यं?"

"वाक्यं वाचतंय कोण? अहो, तुमच्या चालीनं 'झेड' येईपर्यंत माझी नात रिटायर होईल."

"मग कार्डं घरी नेऊ?"

"कचेरीचा माल तो, कसा नेणार? चारला रद्दीवाला येतोय. तोवर हवं ते उतरवून घ्या."

आठ अर्थ काकांनी पाच मिनिटांत काढून दिले. इतकं झटपट काम त्यांच्या हातून नऊ वर्षांत झालं नव्हतं. मग एकेचाळीस कार्डं वेगळी केली, वही उघडली.

'कृपया साडेपाचचा गजर सेट करावा.'

काका थबकले. ही बाई जन्मात कधी 'कृपया' म्हणाली नव्हती. दुसरं कार्ड: 'डोक्यात एखादी गोष्ट सेट झाली, की आपण कोणाचेही ऐकत नाही.' आपण? भांडताना? तिसरं, चौथं, सगळी तशीच. शुद्ध, सभ्य, पूर्णविरामासकट. घरी ऐकलेलं कार्डावर उतरवताना काकांनी दरवेळी व्याकरण सुधारलं होतं आणि टोमणा गाळला होता.

"काका, आटपा!" शिपाई दारातून ओरडला. "रद्दीवाला खोळंबलाय."

काकांनी डोळे मिटले. गजराचं ती नेमकं काय म्हणाली होती? शेवटी 'ऐकलंत का' होतं, की नुसतंच 'हं'? खूप ताणून पाहिलं. कानात येत होतं ते त्यांचंच वाक्य, छापण्याजोगं.

त्यांनी एकेचाळीस कार्डांची चवड नीट जुळवली आणि शिपायाच्या हातात दिली.

"वही कोरीच की," शिपाई म्हणाला.

"हो," काका म्हणाले. "उतरवण्यासारखं काही नव्हतं."